लानवा स्वतः गातो तेव्हा

१९८९ साली न्यू ऑर्लिन्सच्या दमट हवेत घडलेले तीन अल्बम बाजारात आले, आणि तिन्हींवरून एकाच माणसाचा हात फिरला होता. पहिला नेव्हिल ब्रदर्स या तिथल्याच भावंडांच्या बँडचा ‘यलो मून’. दुसरा बॉब डिलनचा ‘ओ मर्सी’, ज्याच्या घडणीवर डिलनने पुढे आपल्या आत्मकथनात एक अख्खं प्रकरण खर्ची घातलं. तिसरा ‘अकादी’. त्याच्या वेष्टनावर त्या माणसाचं स्वतःचं नाव होतं, डॅनियल लानवा, आणि तिघांत सगळ्यांत कमी कानांपर्यंत पोचला तो हाच.

मला विचाराल तर तिघांत सर्वाधिक टिकाऊ तोच आहे. डिलनवर माझं प्रेम आहे, नेव्हिल भावंडांवरही आहे, तरी हे म्हणते.

लानवा तेव्हा अडतिशीत होता आणि रॉकमधल्या सर्वांत मागणी असलेल्या प्रोड्यूसरांपैकी एक होता. हा प्रोड्यूसर म्हणजे पैसे लावणारा नव्हे. आपल्याकडे संगीत संयोजक जे करतो, ध्वनिमुद्रक जे करतो आणि तालमीत दिग्दर्शक जे करतो, ते सगळं एकाच माणसाकडे आलं तर तो रॉकमधला प्रोड्यूसर. गाणं कोणत्या खोलीत वाजवायचं, गायकाने माइकपासून किती लांब उभं राहायचं, ड्रम कधी थांबवायचे, तिसरं कडवं कापायचं का, गिटारचा नाद किती वेळ हवेत तरंगत ठेवायचा, हे सगळं तो ठरवतो. आणि गायक खचला की त्याला परत उभं करायचं कामही त्याचंच. आपल्या चित्रपटसंगीतात अनिल मोहिले यांच्यासारख्या संयोजकांनी गाण्यांना जे रूप दिलं ते आपण गुणगुणतो, आणि नाव मात्र गायकाचं घेतो, फार तर संगीतकाराचं. रॉकमध्येही तसंच. निदान वेष्टनावर बारीक अक्षरात नाव छापलेलं असतं, आणि मी ते वाचणाऱ्यांपैकी आहे. कॅसेटच्या आतल्या त्या घडीच्या कागदावर हे आडनाव मला इतक्या वेगवेगळ्या ठिकाणी भेटलं की शेवटी त्या माणसाचा माग काढणं भागच पडलं.

तो जन्मला १९ सप्टेंबर १९५१ला, कॅनडातल्या क्वेबेक प्रांतातल्या हल गावी. ओटावा नदीच्या एका काठावर देशाची राजधानी, मुख्यतः इंग्रजी बोलणारी. समोरच्या काठावर हल, फ्रेंच बोलणारं, लाकडाच्या नि कागदाच्या गिरण्यांवर जगणारं. वडील आणि आजोबा दोघेही फिडल, म्हणजे लोकसंगीतातलं व्हायोलिन, वाजवायचे. आईवडील वेगळे झाले तेव्हा आई मुलांना घेऊन ऑन्टारिओत हॅमिल्टनच्या बाजूला आली. हॅमिल्टन हे पोलादाचं शहर, भट्ट्यांचं, आणि इंग्रजीचं. फ्रेंचमध्ये वाढलेलं मूल परक्या भाषेच्या शाळेत जाऊन बसलं. या एका स्थलांतरात ‘अकादी’ची बरीचशी मुळं आहेत असं मला वाटतं.

भाऊ बॉब आणि डॅनियल यांनी आईच्या घराच्या तळघरात ध्वनिमुद्रण सुरू केलं. स्थानिक बँड, भजनी मंडळ्या म्हणाव्यात अशा चर्चच्या गायक-मंडळ्या, जो येईल तो. राफी या गायकाचा लहान मुलांच्या गाण्यांचा अल्बम, जो कॅनडातल्या एका पिढीला तोंडपाठ आहे, १९७६ साली याच तळघरात तयार झाला. त्याच सुमाराला भावांनी ग्रँट अव्हेन्यूवरचं एक जुनं विटांचं घर घेतलं आणि तिथे स्टुडिओ थाटला. पुढे ब्रायन ईनो तिथे आला. इंग्लंडमधला हा प्रयोगशील संगीतकार तेव्हा मंद, जवळपास न हलणारं संगीत रचत होता, आणि हॅमिल्टनच्या या घरात बसून लानवाने त्याच्यासोबत नादाला वितळवायची विद्या शिकून घेतली. पियानोचा एक सूर घ्यायचा, तो प्रतिध्वनीतून फिरवायचा, मंद करायचा, त्याची कड झिजवायची, मग त्याला पुन्हा दुसऱ्या सुराशेजारी ठेवायचं. अमेरिकी संगीतकार हॅरॉल्ड बडच्या पियानोवर त्यांनी हे केलं. १९८३च्या ‘अपोलो’ या अल्बममध्ये चंद्रावर गेलेल्या माणसांसाठी केलं. अंतराळवीर सोबत कंट्री, म्हणजे अमेरिकी ग्रामीण बाजाच्या, गाण्यांच्या कॅसेट घेऊन गेले होते असं ईनोच्या कानावर आलं होतं, म्हणून त्याने त्या संगीतात कंट्रीचा वास आणला, आणि तो आणायला हाताशी होता लानवा आणि त्याची पेडल स्टील गिटार.

या वाद्याजवळ जरा थांबते. लानवा लहानपणापासून स्टील गिटार वाजवतो. गिटार आडवी ठेवायची, तारांवरून धातूची कांडी सरकवायची, पेडल दाबून तारांचा ताण बदलायचा. आपल्या कानांना हा नाद मुळीच परका नाही. व्हॅन शिप्लेने हवाईयन गिटारवर वाजवलेली हिंदी गाणी एके काळी घरोघरी वाजायची, आणि ब्रिजभूषण काब्रांनी १९६७च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’त तीच आडवी गिटार संतूर-बासरीशेजारी अशी बसवली की ती तिथलीच वाटावी. एका सुरातून दुसऱ्यात जाताना मधली सगळी जागा ऐकू येते, ती मींड आपल्याला हवीहवीशी असते. लानवाच्या संगीतात ती सर्वत्र आहे. तो या वाद्याला सुटकेसमध्ये मावणारं आपलं चर्च म्हणतो. मला ते अगदी पटतं, कारण त्याच्या स्टील गिटारमध्ये कंट्री संगीतातलं रडवेपण नाही, प्रार्थनेतली लांबण आहे.

ईनोसोबत तो यू-टू या आयरिश रॉक बँडकडे गेला. १९८४चा ‘द अनफर्गेटेबल फायर’, आयर्लंडमधल्या स्लेन किल्ल्यात. मग इंग्रज गायक पीटर गेब्रियलचा ‘सो’, १९८६, बाथजवळच्या एका ग्रामीण घरात. मग यू-टूचाच ‘द जॉशुआ ट्री’, १९८७, ज्याला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं. कॅनडियन गिटारवादक रॉबी रॉबर्ट्सनचा पहिला एकल अल्बम त्याच वर्षी. चारच वर्षांत एवढी कामगिरी.

ठिकाणं नीट पाहा: तळघर, जुनं घर, किल्ला, खेड्यातला वाडा. लानवाला काचेआडचा स्टुडिओ रुचत नाही. नेहमीच्या स्टुडिओत वादक एका खोलीत असतात, यंत्रं दुसऱ्या खोलीत, मध्ये जाड काच. लानवा ती काच काढून टाकतो. यंत्रं, वाद्यं, माणसं एकाच खोलीत, आणि तो स्वतः हातात गिटार घेऊन वादकांमध्ये बसलेला. मिक्सिंगचं टेबल हेही त्याच्यासाठी वाद्यच आहे: गाणं चालू असताना तो कळा वर-खाली करत प्रतिध्वनी ‘वाजवतो’, जमैकातले डब संगीतवाले करायचे तसं. न्यू ऑर्लिन्सलाही त्याने घरंच शोधली. उंच छतं, लाकडी जमिनी, बाहेरून येणारी रातकिड्यांची किरकिर. ‘ओ मर्सी’ आणि ‘यलो मून’ ऐकताना त्या खोल्यांचा आकार कानाला कळतो.

१५ डिसेंबर २०१९ला यू-टू पहिल्यांदा भारतात आले. नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर त्यांनी ‘द जॉशुआ ट्री’ आख्खा, पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत क्रमाने वाजवला. मी त्या गर्दीत होते. अल्बममधलं पहिलं गाणं सुरू होतं तेव्हा ऑर्गनच्या लांब सुरांतून हळूहळू गिटार उगवते, आणि हजारो माणसं श्वास धरून ड्रम पडायची वाट बघतात. ते गाणं बसवताना बँडला त्यातले स्वरमेळ आणि बदलत्या मात्रा काही केल्या जमत नव्हत्या. तेव्हा लानवाने फळा मांडला, हातात छडी घेतली, आणि शाळामास्तरासारखा एकेक बदल दाखवत चौघांकडून गाणं गिरवून घेतलं. ही हकीगत त्याने स्वतःच सांगितलेली आहे. नेरुळला त्या रात्री माझ्या आजूबाजूची तरुण मुलं प्रत्येक शब्द गात होती, आणि मला तो फळा दिसत होता. गाण्यावर प्रेम करायला फळा माहीत असायची गरज नाही. पण तो माहीत असला तर तेच प्रेम आणखी दोन-तीन माणसांपर्यंत पोचतं, आणि मला ते न्याय्य वाटतं.

तर असा हा दुसऱ्यांच्या आवाजांसाठी खोल्या शोधणारा माणूस. त्याने स्वतः गायचं ठरवलं तेव्हा काय केलं?

प्रोड्यूसर गायला लागले की बहुधा एक गोष्ट होते. त्यांना सगळं येतं, म्हणून ते सगळंच करतात. थरावर थर चढतात, प्रत्येक ओळीत एक करामत. शिवाय ओळखीचे मोठे लोक पाहुणे म्हणून येतात आणि गाणं त्यांच्या हजेरीखाली दबतं. लानवाकडेही पाहुणे होते. यू-टूचे अ‍ॅडम क्लेटन आणि लॅरी मलन काही गाण्यांत वाजवतात. ब्रायन ईनो आहे. न्यू ऑर्लिन्सचे टोनी हॉल बासवर, विली ग्रीन ड्रमवर, नेव्हिल भावंडांतल्या एरनचा गळा. माल्कम बर्न कीबोर्डवर आणि यंत्रांवर. एवढी माणसं असून ‘अकादी’ भरलेला वाटत नाही. पाहुणे बाजूला बसल्यासारखे हलक्या हाताने वाजवतात. क्लेटन आणि मलन स्टेडियम हलवणारी जोडी, पण इथे त्यांचा ताल गाण्याच्या मागे राहून त्याला पुढे ढकलतो, इतकंच.

आणि मध्ये लानवाचा आवाज. तो मोठा गायक नाही. पल्ला बेताचा, तार सप्तकात जायची हौस नाही, उंच जावं लागलंच तर आवाज पातळ होतो आणि तो त्याला तसाच राहू देतो. शब्द ओठांच्या अगदी जवळून येतात, श्वासासकट. डिलनच्या किंवा यू-टूचा गायक बोनोच्या आवाजाला त्याने जी भव्य पोकळी दिली होती, ती स्वतःच्या आवाजाला दिली नाही. वाद्यांना लांबचा प्रतिध्वनी आहे, क्षितिजापर्यंत गेलेला, आणि आवाज मात्र जवळ, जवळजवळ कोरडा. म्हणजे ऐकणारा गाणाऱ्याच्या शेजारी उभा राहतो आणि दोघं मिळून तो विस्तार बघतात. एवढं धाडस माझ्या मते फक्त अशाच माणसाला जमतं ज्याने वर्षानुवर्षं दुसऱ्यांचे आवाज तासले आहेत आणि आवाजातली कोणती उणीव झाकायची नसते हे ज्याला कळलं आहे. गायक म्हणून तो कुणाशीही तुलनेत मागे पडेल. ऐकणारा म्हणून त्याने स्वतःला जे ऐकलं, ते फार थोड्या गायकांना जमलं आहे.

‘स्टिल वॉटर’ने अल्बम उघडतो, संथ. पण मला वाटतं अल्बमचा गाभा तिसऱ्या आणि चौथ्या गाण्यात आहे, ‘ओ मारी’ आणि ‘जोली लुईझ’.

‘ओ मारी’ पूर्ण फ्रेंचमध्ये आहे. तंबाखूच्या शेतात राबणारा, घरापासून लांब असलेला मजूर मारीला साद घालतो. ही मारी घरी राहिलेली बाई आहे की देवळातली माता, ते गाणं स्पष्ट करत नाही, आणि करायलाही नको. आपल्याकडे जात्यावर बसलेल्या बाईने विठूला हाक मारली तर तो देव असतो, माहेरचा माणूस असतो आणि दळणाचा सोबतीही असतो. या गाण्यातली हाक त्याच जातीची आहे. क्वेबेकमधून ऑन्टारिओतल्या तंबाखूच्या हंगामाला मजूर जायचे, ही त्या भागातली खरीखुरी गोष्ट. चाल साधी, गिटार बोटांनी छेडलेली. लानवा प्लेक्ट्रम, म्हणजे तारा छेडायची चकती, जवळजवळ वापरत नाही, बोटांनी वाजवतो, आणि त्यामुळे सुराच्या आधी बोटाचा स्पर्श ऐकू येतो.

‘जोली लुईझ’ मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसू आलं होतं, इतकी ती चाल बागडणारी आहे. जत्रेत वाजावी अशी. गॅटिनोच्या पूर्वेकडून आलेला जाँ-गी नावाचा तरुण लुईझला आपली ओळख करून देतो, लग्न कर म्हणतो, घर आहे म्हणतो. लग्न होतं, मुलं होतात. तो गिरणीत कामाला असतो. एके दिवशी मुकादम सांगतो, उद्यापासून येऊ नकोस. मग बाटली. मग लाज. मग उगारलेला हात. चाल मात्र शेवटपर्यंत तशीच बागडत राहते, आणि ऐकणाऱ्याचं हसू कुठल्या ओळीला विरलं ते त्याचं त्यालाच समजत नाही. साडेतीन मिनिटांच्याही आत एक संसार उभा राहून मोडतो. गिरण्या बंद झाल्या तेव्हा लालबाग-परळात काय झालं हे ज्यांनी जवळून पाहिलं आहे त्यांना जाँ-गी ओळखायला फ्रेंच यावं लागणार नाही.

आणि तो कोणत्या भाषेत बोलतो? दोन्ही. एका ओळीत इंग्रजी, पुढच्या ओळीत फ्रेंच, कधी एकाच ओळीत अर्धं-अर्धं. मी बेळगावात वाढले. आमच्या गल्लीत मराठीत सुरू झालेलं वाक्य कानडीत संपायचं, आणि घरी आई रागावली की एका भाषेतून दुसऱ्या भाषेत गेलेली तिची तिलाही जाणवायची नाही. तिथे भाषेवरून मोर्चे निघाले, पाट्यांना काळं फासलं गेलं, आणि त्याच दिवसांत भाजीवाल्या मावशीशी भाव करताना आई हक्काने कानडी बोलायची. त्यामुळे जाँ-गी बोलतो ती भाषा मला प्रयोग वाटली नाही, शैलीही वाटली नाही. गिरणीतला मुकादम इंग्रजीत बोलणार आणि बायको फ्रेंचमध्ये. माणूस प्रेम एका भाषेत करतो आणि नोकरी दुसऱ्या भाषेत गमावतो. लानवाने ते ऐकलं होतं तसं ठेवलं, त्याला एकसारखं करायचा मोह टाळला. अमेरिकन बाजारासाठी गाणाऱ्या माणसाने १९८९ साली हे करावं, ही मला मोठी गोष्ट वाटते. अल्बममध्ये पुढे येणारं ‘अंडर अ स्टॉर्मी स्काय’ही असंच दोन भाषांत नाचतं, फिडलची आठवण करून देणाऱ्या उसळत्या लयीत.

अल्बमचं नाव आता नीट उमगतं. अकादी हा कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरचा, आजच्या नोव्हा स्कॉशिया आणि आसपासचा, फ्रेंच वसाहतवाल्यांचा मुलूख. १७५५पासून ब्रिटिशांनी तिथल्या हजारो फ्रेंच भाषकांना हुसकावून लावलं. कुटुंबं जहाजांवर चढवली, घरं जाळली, माणसं अमेरिकी किनाऱ्यावर आणि युरोपात विखुरली. कित्येक वाटेत मेली. त्यांतली काही वर्षांनुवर्षं भटकून लुइझियानाच्या दलदलीत स्थिरावली. १७८५ साली फ्रान्समधून सात जहाजं भरून सोळाशेच्या आसपास माणसं तिथे आली. त्यांचे वंशज म्हणजे आजचे कॅजन, त्यांची फ्रेंच वेगळी, त्यांचं फिडल-अ‍ॅकॉर्डियन वेगळं. लानवा स्वतः अकादियन नव्हे, क्वेबेकचा. पण फ्रेंच बोलणारा एक कॅनडियन पोरगा मोठेपणी लुइझियानात येऊन गाणी रचतो, तेव्हा दोनशे वर्षांपूर्वीची ती वाट त्याच्या पायांखाली असतेच. थंडीचा प्रदेश आणि दलदलीचा प्रदेश या अल्बममध्ये एकमेकांवर अंथरले आहेत. एका गाण्याचं नावच ‘आइस’ आहे, आणि ते न्यू ऑर्लिन्सच्या उकाड्यात घडलेल्या अल्बमवर बसलेलं आहे.

सगळीच गाणी या उंचीची नाहीत. ‘व्हाइट मस्टँग टू’ हा वाद्यांचा छोटा तुकडा सुंदर आहे, पण मधली ‘व्हेअर द हॉकविंड किल्स’सारखी एक-दोन गाणी वातावरणावर निभावून नेतात, शब्द तिथे मागे पडतात. मी ती गाळत नाही, पण त्यांच्यासाठी अल्बम लावतही नाही.

शेवटी ‘अमेझिंग ग्रेस’. हे भजन जॉन न्यूटनचं, अठराव्या शतकातलं. न्यूटन आधी गुलामांची वाहतूक करणाऱ्या जहाजांवर होता, मग पाद्री झाला, आणि पुढे गुलामगिरीविरुद्ध उभा राहिला. या अल्बममध्ये ते गातो एरन नेव्हिल, न्यू ऑर्लिन्सचा कृष्णवर्णीय गायक, दणकट देहाचा आणि कापसासारख्या हलक्या, थरथरत्या आवाजाचा. गुलामांचे बाजार जिथे भरत त्या शहरात, गुलाम वाहणाऱ्याने लिहिलेलं पश्चात्तापाचं गीत. नेव्हिल ते निर्मळ गातो. पण खाली लानवाने घातलेली नादांची जमीन निर्मळ नाही: खरखरते, गुरगुरते, सुराला टेकू न देणारे आवाज. कित्येकांना हा शेवट विचित्र वाटतो. मला तो या भजनाचा आजवर ऐकलेला सर्वांत प्रामाणिक आविष्कार वाटतो, कारण त्यात कृपा आहे आणि ती कशावर उभी आहे तेही आहे.

हा अल्बम मागे का पडला याचं माझं उत्तर असं. दुकानदाराने तो कोणत्या खणात ठेवावा? रॉक म्हणावं तर अर्धा अल्बम कुजबुजतो. लोकगीत म्हणावं तर यंत्रांचे आवाज. फ्रेंच म्हणावं तर इंग्रजी, इंग्रजी म्हणावं तर फ्रेंच. रेडिओवर गाजेल असं एक गाणं नाही. आणि लानवाने त्याच्यामागे सगळी शक्ती लावली असंही झालं नाही. लवकरच तो यू-टूसोबत ‘आख्टुंग बेबी’च्या कामाला बर्लिनला निघून गेला, मग पीटर गेब्रियलचा ‘अस’. स्वतःचा दुसरा अल्बम आला तो १९९३ साली. दुसऱ्यांच्या गाण्यांना वेळ देणारा माणूस स्वतःच्या गाण्यांना रांगेत शेवटी उभं करतो. पण खरं कारण मला वेगळंच वाटतं. त्या काळात लानवाचा नाद सगळीकडे होता, मोठ्या नावांच्या आवाजाखाली. लोकांनी तो नाद डिलनचा म्हणून ऐकला, गेब्रियलचा म्हणून ऐकला. तोच नाद मूळ मालकाच्या हळू आवाजात आला तेव्हा तो त्यांना ओळखीचा वाटला, आणि ओळखीच्या गोष्टीकडे कुणी वळून बघत नाही.

एक गाणं मात्र सुटलं आणि जग फिरून आलं. ‘द मेकर’. अल्बममधलं दुसरं. खोल काळ्या पाण्याने सुरू होणारं, वाकड्या वाटेने आयुष्य काढलेल्या माणसाचं, आपल्याला घडवणाऱ्यासमोर अनोळखी होऊन उभं राहण्याचं गाणं. अमेरिकी गायक-गिटारवादक जेरी गार्सिया ते आपल्या बँडसोबत मैफलींत गायला. कंट्री गायिका एमिलू हॅरिससाठी लानवाने १९९५ साली ‘रेकिंग बॉल’ हा अप्रतिम अल्बम घडवला, आणि पुढे तिने आपल्या मैफलींत ‘द मेकर’ आपलंसं केलं. १९९८ साली कंट्रीतला बुजुर्ग विली नेल्सनने ते गायलं, पुन्हा लानवाच्याच हाताखाली. डेव्ह मॅथ्यूज बँड या अमेरिकी रॉक बँडच्या चाहत्यांतल्या अनेकांना ते त्यांचंच गाणं वाटतं. चांगल्या गाण्याचं असं होतं, अभंगासारखं ते ज्याच्या तोंडी बसेल त्याचं होतं.

हॅरिस ते गाते तेव्हा त्यात उड्डाण आहे. नेल्सनच्या आवाजात म्हातारपणाची सगळी धूळ आहे, आणि देवासमोर उभं राहायची घाई मुळीच नाही. दोन्ही मला प्रिय आहेत. पण लानवाच्या मूळ गाण्यात टोनी हॉलचा बास आहे, आणि त्या बासची तोड कुठे नाही. तो सुरुवातीपासून पायऱ्या चढल्यासारखा वर जातो, थबकतो, पुन्हा खालून सुरू करतो. विली ग्रीनचे ड्रम त्याच्याशी बोलतात, वाद घालत नाहीत. एरन नेव्हिलचा गळा मागून एखाद्या ओळीला नुसता स्पर्श करून जातो. लानवा वर गात असतो, जवळपास बोलल्यासारखा, आणि गायचं संपल्यावर गिटार घेतो. त्या गिटारमध्ये वेग नाही, चमक दाखवणं नाही. आवाज जिथवर पोचला नव्हता तिथे गिटार जाते आणि तिथूनच गाणं मिटत जातं.

फोनच्या स्पीकरवर हा बास ऐकू येत नाही, म्हणून निदान एवढ्या गाण्यासाठी चांगला हेडफोन लावा. आणि अल्बम पहिल्यांदाच ऐकत असाल तर क्रमाने जाऊ नका. आधी ‘जोली लुईझ’ ऐका, मग ‘ओ मारी’, मग ‘द मेकर’. त्यानंतर पहिल्या गाण्यापासून पुन्हा सुरू करा, आणि ‘अमेझिंग ग्रेस’ लागेपर्यंत उठू नका.